दिवाळीनंतरचा पाऊस

उंबरपाडा, ता. नवापूर
२७ मार्च २०२४

जोएल,

प्रभूच्या नावाने सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू "हो ताई, बरं ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि लगेच तुझी शिफ्ट सुरू होते. शिवाय इथं टेकडीवरच्या टाकीपाशी उभं राहिल्याशिवाय रेंज येत नाही. बावन्नाव्या वर्षी नुसतं तुझं "बघतो" ऐकायला मी टेकडी चढणार नाही. कागदावरून तुला पळता यायचं नाही, म्हणून हे पत्र.

आईला नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. डावा डोळा कधीच गेलाय, आणि ही बाई आपल्याला बोललीसुद्धा नाही. उजव्यात मधलं थोडं उरलंय, कडेचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी थेंब दिले. म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकली तर टिकली. वर्षभर धरून चाला, पुढचं मी सांगत नाही.

बसस्टँडवर उसाचा रस पिताना आई म्हणाली, "मग जोएलची पोरगी बघून घेते." बास, एवढंच. रविना पाच वर्षांची झाली आणि आईनं तिला फक्त मोबाइलच्या काचेवर पाहिलंय, त्यातही अर्धा वेळ तुमचा पंखाच दिसतो. तू बाबांच्या मातीला आलास त्याला सहा वर्षं झाली. मला कळतं, सेल्वीची आई अंथरुणावर आहे, तुम्हाला घर सोडता येत नाही. म्हणून आम्हीच आईला पाठवतो. मला अंगणवाडी आणि दोन म्हशी आहेत, त्यामुळे तुझे दाजी सोबत येतील. नंदुरबारहून थेट गाडी आहे.

तू फक्त एवढं सांग की तुमच्या चेन्नईला यायला चांगला ऋतू कोणता. आईला ऊन सोसत नाही, दम लागतो. एका ओळीत उत्तर दे.

एस्तेर


चेन्नई
१० एप्रिल २०२४

प्रिय ताई,

सलाम. आईचं वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. मशिनवर बोट जाता जाता वाचलं.

एका ओळीत सांगता येणार नाही. आत्तापासून जूनपर्यंत इथं येण्यात अर्थ नाही. ऊन तुमच्याकडेही आहे, पण इथला घाम वाळत नाही, रात्रीही नाही. मे महिन्यातल्या कडक दिवसांना इथल्या लोकांनी वेगळं नावच ठेवलंय. जुलै ते सप्टेंबर उकाडा तसाच, वर संध्याकाळी सर येते आणि डास. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र अजिबात नको. इथला पाऊस उलटा आहे. तुमच्याकडे संपला की आमच्याकडे लागतो, आणि नोव्हेंबरात तर दिवसच्या दिवस थांबत नाही.

पोंगलनंतर, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत सगळं छान असतं. ऊन कोवळं, वारा सुटलेला, समुद्र शांत. पुढच्या जानेवारीत आईला आण. मी रजा टाकतो.

रविना "पाटी कधी येणार" विचारते. पाटी म्हणजे इथं आजी.

तुझा,
जोएल


उंबरपाडा
२८ एप्रिल २०२४

जोएल,

एका ओळीचं उत्तर मागितलं तर तू बाराही महिन्यांचा पंचनामा पाठवलास. पत्र दोनदा वाचलं आणि मला एवढंच कळलं की तुझ्या गावाला वर्षाला सहा आठवडे बरे असतात. लोक राहतात तरी कसे तिथं?

डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय मार्चपासून. जानेवारी म्हणजे दहा महिने गेले. तोवर डोळा काय पोस्टात ठेवीला ठेवू? आणि जानेवारीत तूर कापणीला येते. दाजी सोबत आले तर तूर कोण काढणार, म्हशी?

थांब, सगळा दोष तुझा नाही. आई तुझ्याहून वस्ताद आहे. मी म्हटलं, उकाडा तर उकाडा, मे महिन्यात जा. तर म्हणे मोहफुलं पडताहेत. पहाटे उठून झाडाखाली बसते आणि दिसत नाही तर हातानं चाचपून वेचते. निम्मे खडे निघतात. जूनमध्ये जा म्हटलं, तर पेरणी. जुलैत? "भाताची आवणी सोडून पाहुणी म्हणून जाऊ का?" तिच्या हातनं लावलेला भात आता सगळा वाकडा असतो, मी मागून सरळ करते, पण हे तिला कोण सांगणार.

आणि खरी मेख वेगळीच आहे. तुझ्या घरात ती पहिल्यांदा पाय टाकणार, तर त्या वर्षाचा नवा तांदूळ घेऊनच टाकणार. त्यातली पहिली टोपली आधी चर्चमध्ये कापणीच्या उपासनेला गेली पाहिजे, मग उरलेला तुझ्याकडे. तुला आठवत नसेल, पण माझं लग्न झालं तेव्हा ती माझ्याकडे पाच महिने आली नव्हती. वीस मिनिटांच्या वाटेवर घर, रोज विहिरीवर भेट, पण भात व्हायचं होतं म्हणून उंबरा ओलांडला नाही. तेव्हा ती नोव्हेंबरातच निघणार.

तुझा उलटा पाऊस मी तिला वाचून दाखवला. आधी हसली. आपल्या बोलीत काय काय म्हणाली ते मराठीत लिहिताना निम्मं गळतं, पण अर्थ असा, की दसऱ्याला ढग घरी जातात, दिवाळीनंतर कोणत्या देशात पाऊस पडतो. मग भाकरी थापत राहिली. रात्री मला विचारलं, "त्याला मी यायला नको आहे का गं?"

काय उत्तर देऊ, ते लिहून पाठव.

एस्तेर


चेन्नई
३० जून २०२४

प्रिय ताई,

उशीर झाला, माफ कर. दोन महिने डबल शिफ्ट होती आणि सासूबाई मध्ये दवाखान्यात होत्या. आता घरी आणलंय.

आईला सांग, मला ती हवी आहे. पण नोव्हेंबर नको. आता खरं सांगतो. मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीत कंबरभर पाणी होतं. आमचं घर तळमजल्यावर आहे. सासूबाईंना खुर्चीवर बसवून चौघांनी जिन्यानं वर नेलं. सहा दिवस वीज नव्हती. तुम्हाला सांगितलं नाही, आई काळजी करत बसली असती म्हणून. त्या पाण्यात आईला कुठं ठेवू?

ऑगस्टमध्ये या. आवणी झालेली असेल. उकाडा आहे, पण मी कूलर घेतो. कणगीतला जुना तांदूळ आणा, तांदूळ तो तांदूळच.

तुझा,
जोएल


उंबरपाडा
१८ ऑगस्ट २०२४

जोएल,

"तांदूळ तो तांदूळच" हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लिहिलंस तू, वाचलं मी, आणि रुसवा मला. तुम्हा दोघांच्या मध्ये मी पाट्यावरचा मसाला झाले आहे.

आता ऐक. मागच्या आठवड्यात रूपसिंग कुऱ्हाड मागायला आला. आपल्या विहिरीशेजारचा रूपसिंग, जो दर वर्षी देवाला कोंबडा दिल्याशिवाय नांगराला हात लावत नाही. आईला तो चर्चचा पाळक वाटला. तिनं खाट झटकली, बसवलं, आणि डोळ्यांसाठी प्रार्थना करा म्हणाली. त्या बिचाऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हात जोडून, डोळे मिटून, जे सुचलं ते पुटपुटला आणि शेवटी आमेनसुद्धा म्हणाला. मी आधी हसले. मग चुलीमागे जाऊन रडले. दहा पावलांवर उभा असलेला माणूस तिला कळत नाही, आणि तू मला कूलरचं सांगतोस.

आता मनातलं लिहिते, राग आला तर येऊ दे. कंबरभर पाणी होतं तर तेव्हा का नाही सांगितलंस? सात महिन्यांनी, आई यायचं म्हणते तेव्हाच बरं पाणी आठवलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसे तुझ्या गावाचे बाराही महिने वाकडे. मला वाटतं, तुला आमची लाज वाटते. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, तमिळ तर सोडच पण मराठीही अडखळत बोलणारी आई सेल्वीच्या माणसांपुढे कशी उभी करायची, हा तुझा पाऊस आहे. असेल तर तसं लिही. मी आईला दुसरं काहीतरी सांगेन. खोटं बोलायला मलाही येतं.

एस्तेर


चेन्नई
२ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र मी सेल्वीला वाचून दाखवलं नाही. तिनं आईसाठी दोन कॉटनच्या साड्या घेऊन ठेवल्यात आणि त्यांना गुडघ्यापर्यंत नेसता येईल का म्हणून मलाच विचारत होती. लाजेचं तू लिहिलंस ते मी विसरणार नाही.

मी खोटं बोलत नाही. आणि जानेवारी का म्हणतो, तेही ऐक. आईला दिसतं कमी, म्हणजे उजेड जास्त पाहिजे. पावसात आमच्या घरात दुपारी दोनला दिवा लावावा लागतो आणि बरेचदा तोही नसतो. जानेवारीत सकाळी आठपासून पुढच्या खोलीत ऊन येतं. रविनाला त्या उन्हात बसवीन आणि आई तिला बघेल, एवढंच माझ्या डोक्यात आहे. ते तुला बहाणा वाटतं.

१८ जानेवारीची तिकिटं मी काढतो. तूर कापायला माणूस लावा, मजुरी मी देईन.

जोएल


उंबरपाडा
३ नोव्हेंबर २०२४

जोएल,

लाजेचं लिहिलं ते चुकलं. साड्यांचं वाचून मला फार वाईट वाटलं. पण माझा राग अजून संपलेला नाही, तो आता कुणावर काढू तेवढं कळत नाही.

मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. डोळ्याचा दाब थेंबांना ऐकत नाही. ऑपरेशन केलं तर उरलेलं टिकेल किंवा तेही जाईल, असं म्हणाले. आई नको म्हणाली. मग डॉक्टर मलाच बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना जे बघायचंय ते लवकर दाखवा." मी जानेवारी म्हटलं. त्यांनी नुसता कागद घडी करून दिला.

तुझ्या जानेवारीच्या उन्हाला मी नाव ठेवत नाही. पण ऊन आलं आणि डोळा नसला तर काय करायचं? म्हणून मी परस्पर ठरवलं. कापणीची उपासना १७ तारखेला आहे. २६ नोव्हेंबरची दोन तिकिटं काढली आहेत, २८ ला पोचतील. तुझी जानेवारीची तिकिटं रद्द कर.

नंदुरबारच्या खिडकीवरचा माणूस चेन्नई ऐकून म्हणाला, "मावशी, तठे ते आते पानी पडस." मी त्याला म्हटलं, "तू बी जोएलना दोस्त शे का?" मागची रांग हसली. परत येताना बसमध्ये मात्र मी तिकिटं दोनदा काढून बघितली. तो पावसाचं कशाला खोटं सांगेल? पण हे मी आईला सांगितलं नाही, आणि तिकिटंही बदलली नाहीत. आता जे होईल ते माझ्या माथी.

आईनं तांदूळ स्वतः पाखडला. मी नंतर पुन्हा पाखडला. बाराएक किलो आहे. दाजी कुरकुर करताहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

एस्तेर


चेन्नई
६ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

दाजींनी दुकानातून एक मिनिट फोन केला होता, तेवढंच तुला कळलं असेल. माझा फोन पाण्यात गेला. सगळं सविस्तर लिहितो.

गाडी पाच तास उशिरा आली. स्टेशनबाहेर रस्ता कोरडा ठक्क. आईनं मान वर केली आणि विचारलं, "कुठं आहे तुझा पाऊस?" दाजीही हसले. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. आईनं उंबऱ्यात तांदळाचं गाठोडं ठेवलं, मग पाय आत टाकला. रविना लाजून दाराआड गेली, येईचना. आई म्हणाली, राहू दे, घाबरवू नका, उद्या उजेडात बघते.

उद्या उजेडच आला नाही. पहाटे वारा सुटला आणि पाऊस लागला तो असा, की समोरच्या घराची भिंत दिसेना. सकाळीच वीज गेली. तिसऱ्या प्रहरी गटारातून पाणी उलटं घरात आलं. सासूबाईंना आम्ही खुर्चीवर वर नेलं, घरमालकांकडे. मग मी आईला पाठीवर घेतलं. तिचं वजन काही नाही गं. तुला माहीत असेल, मला माहीत नव्हतं. दाजी तांदूळ डोक्यावर घेऊन मागून येत होते आणि तुझ्या नावानं काहीतरी बोलत होते. ते मी लिहीत नाही.

जिन्यात मध्येच आई माझ्या कानाशी म्हणाली, "मी तुला खोटा म्हटलं रे पोरा. घरोघर सांगितलं, जोएल बहाणे करतो. आता गावात जाऊन सगळ्यांना सांगेन, पाऊस खरा आहे." मी म्हटलं, आई, आधी नीट धरून बस.

वर तीन दिवस मेणबत्तीवर काढले. आई मेणबत्ती हातात घेऊन रविनाजवळ जायची आणि पोरगी ज्योतीला घाबरून मागे सरायची. एकदा तिचे केस जळता वाचले. मग आईनं मेणबत्ती मला दिली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. मला तुझा इतका राग आला होता ताई, की तेव्हा पत्र लिहिलं असतं तर आपलं नातं राहिलं नसतं. जानेवारी म्हटलं होतं मी. दहादा म्हटलं होतं.

सोमवारी पाऊस थांबला. मंगळवारी सकाळी ऊन पडलं. आख्खी गल्ली गच्चीवर गाद्या आणि कपडे वाळत घालत होती. सेल्वीनं भिजलेला तांदूळ चादरीवर पसरला. आई रविनाला घेऊन त्या चादरीशेजारी बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिला एका वेळी थोडंच दिसतं ना, म्हणून आधी कपाळ बघितलं. मग एक डोळा, मग दुसरा. मग नाक, हनुवटी. पुन्हा कपाळ. कितीतरी वेळ. मी म्हटलं, पोरगी आता रडेल, पण ती हसायला लागली. वरचे दोन दात पडलेत तिचे.

ते बघून आई म्हणाली, "ही तर एस्तेर आहे."

मी म्हटलं, माझं काही नाही का हिच्यात? तर म्हणे, तुझं काही नाही, ही सगळी एस्तेर आहे, दात पडलेली एस्तेर. मग रविनाला तुझ्या नावानंच हाक मारत राहिली. तू पाच वर्षांची असताना म्हशीच्या पाठीवरून पडलीस आणि रडण्याऐवजी म्हशीलाच शिव्या दिल्यास, ते सगळं सांगितलं. सेल्वीला मी तमिळमध्ये करून सांगत होतो.

१४ तारखेला त्यांना गाडीत बसवतो. माझा राग गेलाय. तुझा गेला का?

तुझा,
जोएल


उंबरपाडा
१८ जानेवारी २०२५

जोएल,

माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचा गेला. दाजींवर आहे, कारण ते गावभर स्वतःच पोहून आल्यासारखं सांगतात. आईवरही आहे.

तुला वाईट बातमी द्यायची आहे म्हणून हे पत्र दोन आठवडे टाळलं. नवं वर्ष लागलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईचा उजवा डोळाही गेला. आता दार उघडं आहे की बंद, एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. आज तू सांगितलेली तारीख. तुझ्याकडे छान ऊन पडलं असेल. सकाळपासून तेच मनात येतंय. आपण दोघं भांडत होतो आणि दोघांचंही खरं होतं, जोएल. मी तुझं ऐकून आजच्या तारखेपर्यंत थांबले असते, तर काय झालं असतं याचा मला विचार करवत नाही.

आई रडत वगैरे नाही. तिला कामं सांगून सांगून मी थकते. तूर झोडपायला बसली तर काठी जमिनीवरच जास्त पडते. पण नवाच एक उद्योग तिनं काढलाय. मी चुलीपाशी असो, म्हशीखाली बसलेली असो, अंगणवाडीला जायला उशीर होत असो, ती मला हाक मारते, जवळ बसवते आणि माझं तोंड हातांनी चाचपते. कपाळ, मग डोळे, मग नाक, हनुवटी. परवा मी वैतागून म्हटलं, आई, मला कामं आहेत, माझं तोंड काय आज नवीन आहे का? तर म्हणाली, "तुला कोण बघतंय? मी रविनाला बघते आहे. जरा गप्प बस."

दिवसातून चार वेळा चालतं हे, जोएल. माझ्या तोंडाला शेण लागलेलं असतं, पीठ लागलेलं असतं, तिला त्याचं काही नाही. काल तर दूध चुलीवर उतू गेलं.

मी बसून राहते.

एस्तेर